रपट्यावरचा आवाज

दारव्ह्याहून येताना आमच्या गावाच्या तोंडाशीच एक रपटा आहे. पावसाळ्यात दोन-चारदा तो पाण्याखाली जातो, एरवी नाल्यात बेशरमाची झाडं आणि म्हशी. रपट्यावर चढताना सिमेंटची एक कड लागते. बाबांची हेराल्ड त्या कडेवरून गेली की पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज यायचा, खट्. पलीकडे उतरताना पुन्हा एकदा, जरा बारीक. आमचं घर गावात शिरताना डाव्या हाताला दुसरं. रात्री दहा-साडेदहाला, लाइट गेलेली, कुत्रीसुद्धा गप्प झालेली, अशा वेळी तो आवाज अंगणात स्वच्छ ऐकू यायचा. आई उठून चुलीतला विस्तव सारखा करायची, वरण तापायला ठेवायची. गाडी फाटकाशी येईपर्यंत पाट मांडलेला आणि तांब्या भरलेला असे.

पहिल्या आणि दुसऱ्या खट्‌मध्ये जास्त वेळ गेला तर आई म्हणायची, "हळू येऊन राह्यले. कोणाचं तरी वाईट झालं." बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं. बाबा डॉक्टर होते. आजूबाजूच्या दहा-बारा गावांत रात्री-बेरात्री जायचे, आणि पेशंट हातचा गेला की परतीच्या वाटेवर त्यांची गाडी जोरात चालत नसे.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. गाडी गोठ्याच्या अर्ध्या भागात ताडपत्रीखाली उभी होती. मी वर्षातून दोनदा ती सुरू करायचो, रपट्यापर्यंत नेऊन परत आणायचो आणि तो आवाज ऐकून समाधानानं ताडपत्री टाकायचो. गेल्या पोळ्याला मात्र घाबरलो. साध्या सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढत होती. ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात वळत होतं. खाली वाकून पाहिलं तर डावा टायर आतल्या कडेनं कापडापर्यंत झिजलेला. तेव्हा ठरवलं, यंदा कापूस-तूर घरात आली की पुढचं सगळं खोलायचं.

हेराल्ड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड आली १९५९ साली. तिचं रूप तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीनं काढलेलं. त्या काळी इतर मोटारी पत्र्याच्या एकसंध कवचाच्या होऊ लागल्या होत्या. हेराल्ड मात्र जुन्या पद्धतीची, खाली वेगळी चाशी, म्हणजे लोखंडी सांगाडा, आणि तिच्यावर बोल्टांनी जोडलेले पत्र्याचे भाग. त्यामागे कंपनीची अडचण होती. तिला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना बीएमसी ह्या स्पर्धक मोटार कंपनीनं विकत घेतला होता. अख्खी बॉडी एका जागी करून देणारं हाताशी कोणी उरलं नाही, म्हणून तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी करून जोडायचं ठरलं. त्या अडचणीचा फायदा साठ वर्षांनी माझ्यासारख्याला होतो. गोठ्यात बसून, साध्या पान्यांनी, ही गाडी सुटी करता येते.

आपल्याकडे १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली. ९४८ सीसीचं लहानसं इंजिन. तेव्हा रस्त्यावर अँबॅसडर, फियाट आणि ही. खेड्यातल्या डॉक्टरला तिचा एक गुण फार मोलाचा होता, ती २५ फुटांच्या वर्तुळात वळायची. गल्लीच्या टोकाला पेशंटचं घर, पुढे उकिरडा, मागे बंडी उभी. बाबा दोन हातांनी स्टेअरिंग पूर्ण फिरवायचे आणि गाडी बैलानं मान वळवावी तशी जागच्या जागी फिरायची.

आणि १९६२ साली ह्याच चाशीची लांबी कमी करून ट्रायम्फनं स्पिटफायर काढली, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार. पुढच्या सस्पेन्शनची ठेवण हेराल्डचीच. शर्यतीच्या गाड्या करणाऱ्या लोटस कंपनीनं आपल्या एलान गाडीला चाकाजवळचा उभा दांडा लावला तोही ट्रायम्फचाच. यवतमाळ जिल्ह्यात पांदण रस्त्यानं बाळंतपणाला जाणाऱ्या आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना शर्यतीच्या गाड्यांचं लोखंड होतं, हे मला चाळिशीत कळलं. बाबांना ठाऊक असावं. त्यांच्या कपाटात पिवळ्या पडलेल्या मॅन्युअलमध्ये त्या पानावर पेन्सिलीच्या खुणा आहेत.

पुढचं खोलायचं ते चाकांच्या सांध्यातले बुश बदलायला. आता बुश म्हणजे काय, ते बंडीवरून सांगतो. बंडीच्या चाकाच्या तुंब्यात लोखंडी नळकांडं असतं आणि ते आसावर गरगर फिरतं. लोखंडावर लोखंड घासतं म्हणून वंगण लागतं. आमच्याकडे एरंडीचं तेल आणि चिंध्या घेऊन सालदार पहाटे चाकाशी बसलेला मी लहानपणी रोज पाहिला आहे. वंगण संपलं की बंडी कुरकुरते, अख्ख्या शिवाराला कळतं.

मोटारीच्या पुढच्या चाकाला वर-खाली व्हावं लागतं. त्यासाठी चाकाच्या आतल्या बाजूला दोन त्रिकोणी हात असतात, एक वर, एक खाली. कोंबडीच्या छातीतल्या दुबेळक्या हाडासारखा आकार म्हणून त्यांना विशबोन म्हणतात. हे हात जिथं चाशीला धरलेले असतात तिथं प्रत्येक सांध्यात एक रबरी बुश. हेराल्डला एका बाजूला चार, दोन्ही मिळून आठ. शिवाय शॉकअपच्या खालच्या टोकाला एकेक. बुश म्हणजे अंगठ्याएवढी रबराची गुंडी आणि तिच्या पोटात लोखंडी नळी. रबर विशबोनच्या डोळ्यात घट्ट दाबून बसवतात. नळीतून बोल्ट जातो आणि नळी चाशीच्या कानांमध्ये आवळली जाते.

ह्याची खरी गंमत पुढे आहे. ह्या सांध्यात काहीही घासत नाही. नळी चाशीला धरलेली, ती हलत नाही. रबर बाहेरून विशबोनला धरलेलं, ते सुटत नाही. चाक वर गेलं की मधलं रबर पिळतं, चाक खाली आलं की पीळ सुटतो. फिरणं नाही, म्हणून वंगण नाही. मी नवा बुश हातात धरून नळीत बोल्ट घातला आणि तो थोडा पिळून पाहिला. रबर बोटांखाली ताणलं गेलं आणि सोडताच बोल्ट आपणहून जागेवर आला. पंधरा-वीस अंशांचा तो पीळ, खड्डागणिक, वर्षानुवर्षं. एवढ्याशा गुंडीकडून किती काम घेतो आपण!

आणि ह्याच गुंडीवर आपल्याकडे सगळ्यात मोठा अन्याय होतो. कुरकुर ऐकू आली की गॅरेजमध्ये तिच्यावर जळकं ऑइल मारतात. दोन दिवस आवाज बंद होतो, मालक खूश. पण नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि मग चिखलासारखं सुटतं. बंडीचं शास्त्र मोटारीला लावलं की असं होतं. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर, गाडी पत्र्याखाली, आणि हवेत काळ्या मातीची पिठासारखी धूळ. ताणलेल्या रबराला हवेतल्या ओझोननं बारीक भेगा पडतात, आणि एका जागी उभ्या गाडीचं रबर तर एकाच बाजूनं ताणलेलं राहतं. चालती गाडी बिघडते त्याहून उभी गाडी जास्त बिघडते, असं माझं मत झालं आहे.

होळी झाली आणि मी चाचांना बोलावलं. चाचा आमच्या तालुक्याचे जुने मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे. आता गॅरेज मुलगा पाहतो. मोटारसायकलवर मागे बसून ते आले, गोठ्याच्या दारात उभे राहून त्यांनी आधी गाडीला हात लावला आणि मग म्हणाले, "डॉक्टरसायबाची गाडी. खोल बोनेट, भाऊ."

हेराल्डचं बोनेट उघडणं हा एक सोहळा असतो. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडायच्या आणि मडगार्ड, दिवे, जाळी यांसकट अख्खं तोंड पुढच्या बाजूला कलतं. मग इंजिन, स्टेअरिंग, सस्पेन्शन सगळं समोर उघडं. आधी नुसतं पाहायचं असेल तर टायरवरच बसावं. बाबा तसेच बसायचे, रविवारी सकाळी, बनियनवर, कानाला पेन्सिल. मी प्लग पुसायचो.

पानेही त्यांचेच वापरले. हे फार महत्त्वाचं आहे. ही इंची गाडी. तीन सुती, म्हणजे ३/८ इंची, बोल्टाच्या डोक्याला ९/१६ चा पाना लागतो. म्हणजे सव्वाचौदा मिलिमीटरच्या थोडा वर. आजचा १४ चा पाना त्यात शिरत नाही आणि १५ चा शिरतो पण सैल बसतो, जोर लावला की नटाचे कोपरे खातो. आमच्या गाडीच्या दोन नटांचे कोपरे असेच खाल्लेले निघाले. इंची पाने नसतील तर ह्या गाडीला हात लावू नये, हे मी कळकळीनं सांगतो.

गाडी जॅकवर चढवून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, पुढची चाकं काढली. शॉकअप आणि स्प्रिंग हेराल्डमध्ये एकाच जोडीत असतात. वर तीन नट, खाली एक बोल्ट, आणि जोडी अख्खी बाहेर येते. तिच्या डोक्यावर मधोमध जो नट दिसतो त्याला मात्र हात लावायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगला तोच धरून असतो. घाईत तो सोडला तर स्प्रिंग माणसाचं तोंड फोडेल. चाचांनी त्या नटावर खडूनं फुली मारली. मी समोर असताना, मला माहीत आहे हे त्यांना माहीत असतानाही मारली.

खालच्या विशबोनचे कान चाशीला जिथं बसतात तिथं पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. चाकाचा कल त्यांच्यावर ठरतो. कुठून किती निघाल्या ते विसरलं तर पुढं टायर झिजतच राहतात. आईकडून चार वाट्या मागून घेतल्या. डावी पुढची, डावी मागची, उजवी पुढची, उजवी मागची. आईनं विचारलं, "धुवून देशील ना?" आणि चार जुन्या, पोचे आलेल्या वाट्या दिल्या.

उजवी बाजू दीड दिवसात सुटली. डावीनं चार दिवस घेतले. बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झाले होते. डोकं फिरवलं की नळी फिरायची, नळीबरोबर रबर, आणि बोल्ट तसूभरही बाहेर येत नव्हता. रॉकेल सोडलं, रात्रभर ठेवलं, ठोकलं. शेवटी चाचांनी हॅकसॉचं नुसतं ब्लेड एका टोकाला चिंधी गुंडाळून हातात घेतलं आणि कान व विशबोन यांच्या फटीतून बोल्ट कापायला बसले. एका बोल्टाला एक तास. मधेच थांबून ब्लेडवर थुंकी लावायचे. मी म्हटलं, ग्राइंडर आणतो. ते म्हणाले, "गिरांडरनं कान कापला जाईन. कान कुठून आनशीन तू?"

डाव्या बाजूचा खालचा मागचा बुश निघाला तेव्हा आम्ही दोघंही थांबलो. तो बुशच नव्हता. गंजलेल्या नळीवर चार गोल चकत्या एकापुढे एक ओवलेल्या होत्या. मी एक चकती रॉकेलमध्ये पुसली. रबराचा थर, मग जाड कापडाचा, पुन्हा रबर, पुन्हा कापड. कडेला सुताचे धागे निघालेले, आणि भोक झिजून लांबट झालेलं, इतकं की नळी त्यात माझ्या नखाएवढी इकडे-तिकडे हलत होती.

चाचांनी चकती उजेडात धरली. "हे त जिनातल्या पट्ट्याचं हाय." मग जरा वेळानं, "माह्या उस्तादानं केलं हे. जिनिंगमधी फिटर होता तो. डॉक्टरसाहेब सोता आले होते, रात्री. मी तवा शिकत होतो, दिवा धरून उभा होतो."

त्याच्या आगेमागे काय घडलं असेल ते मला जुळवता आलं. मद्रासला हेराल्डचं उत्पादन सत्तरीच्या सुरुवातीला थांबलं. तिच्या जागी गझेल आली, तीही १९७७ पर्यंतच. त्याआधी सामान मागवलं की ते मुर्तिजापूरपर्यंत मोठ्या गाडीनं आणि तिथून शकुंतला रेल्वेनं दारव्ह्याला यायचं. ही यवतमाळ-मुर्तिजापूर लाइन ब्रिटिश कंपनीच्या मालकीची, नॅरोगेज, १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचं इंजिन धावलं. बाबांबरोबर मोतीबाग स्टेशनवर पार्सल सोडवायला गेल्याचं मला आठवतं. तागाच्या कापडात शिवलेलं, वर जांभळ्या शाईनं नाव. मग पार्सलं यायची बंद झाली. गाडी थांबवून चालणार नव्हतं, पावसाळा तोंडावर असणार. कापसाच्या मुलखात रबर कुठं मिळेल? जिनिंगमध्ये. चरक्या फिरवणाऱ्या पट्ट्याचा टाकाऊ तुकडा, त्यातून पंचानं कापलेल्या चार चकत्या, आणि नळी बहुधा कुठल्या तरी पंपाची.

म्हणजे तो खट् आवाज त्या चार चकत्यांचा होता. रपट्याच्या कडेवर चाक उचललं की झिजलेल्या भोकात नळी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटायची. चढताना जोरात, उतरताना बारीक. आम्ही त्याला गाडीचा स्वभाव म्हणायचो.

त्या जुगाडाला मी नावं ठेवणार नाही. पट्ट्यात कापड असतं, ते पिळू देत नाही, म्हणून सांधा पिळण्याऐवजी घासत राहिला आणि भोक वाढत गेलं. शास्त्र म्हणून ते चूकच. पण त्या चकत्यांवर किती रात्री किती घरी डॉक्टर वेळेवर पोचला, हे गावातली माणसं अजून सांगतात.

नव्या बुशांची कथा मी लवकर आटोपतो, कारण तिच्यात त्रासच फार. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून आठ बुश मागवले. चकचकीत पाकीट, नवा छाप. वाइसमध्ये धरून पिळले तर दोन बुशांच्या नळीपासून रबर सुटलं, एकाला नखानं भेग पडली. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला माल नव्या पाकिटात घातलेला. रबरालाही वय असतं, दुकानात ठेवलं तरी ते म्हातारं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. मग एका ओळखीच्या मुलानं इंग्लंडहून येताना आणून दिले. पाकिटावर स्पिटफायर लिहिलेलं. तिथं ह्या गाड्या हौसेनं सांभाळणारे इतके आहेत की हे बुश अजून नव्यानं बनतात.

त्यानं विचारलं होतं, पॉलियुरेथेनचे आणू का? लाल-निळे, कडक, शर्यतवाले तेच लावतात. मी नको म्हटलं. ते बुश पिळत नाहीत, आतल्या नळीवर फिरतात, म्हणून त्यांना खास ग्रीस लागतं. आपल्या धुळीत ते ग्रीस म्हणजे पॉलिश पेपर. शिवाय कडक बुश खड्ड्याचा प्रत्येक दणका जसाच्या तसा चाशीला पोचवतो. ज्या रस्त्यांवर ही गाडी जाते तिथं मऊपणाच तिला टिकवेल. गुळगुळीत रस्त्यावर जोरात वळणं घेणाऱ्याचं मत वेगळं असेल, आणि त्याच्या जागी ते बरोबरही असेल.

बसवायला तालुक्याच्या लेथवर गेलो. चाचांनी पद्धत दाखवली. वाइसच्या एका जबड्यापुढे पान्याची मोठी गोटी (सॉकेट), जिच्या पोकळीत बुशचं पुढचं टोक शिरेल, दुसऱ्या जबड्यापुढे लहान गोटी, जी बुशला ढकलेल, मधे विशबोन. बुशला साबणाचं पाणी लावायचं, तेल नाही. वाइस आवळत गेलं की रबराची कड आधी दुमडते, अडते, वाटतं फाटणार, आणि मग एकदम गिळल्यासारखी आत जाते व पलीकडे ओठासारखी उमलते. तो क्षण मी आठही वेळा श्वास रोखून पाहिला. साबण वाळला की रबर जागा धरतं.

त्याच बैठकीत चाकाजवळचा खालचा पितळी सांधा, ट्रनियन, तोही उघडून पाहिला. ह्याला ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं, ९० नंबरचं. ग्रीस भरलं तर ते आट्यांमध्ये वाळून बसतं, पाणी शिरतं, उभा दांडा गंजतो आणि एके दिवशी वळताना तुटून चाक बाहेर पडतं. हेराल्ड आणि स्पिटफायर दोघींचा हा घातक दोष आहे. बाबांनी आयुष्यभर तेलच घातलं होतं. आटे आरशासारखे निघाले.

सगळं जोडत आणलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. वाट्यांतल्या चकत्या आपापल्या जागी गेल्या होत्या, आठही बोल्ट नवे, नट हातानं बसवलेले. मी ९/१६ चा पाना घेतला आणि डाव्या बाजूचा पहिला नट करकचून आवळला. दुसऱ्याला लावला तेवढ्यात चाचा खाटेवरून उठले.

"आवयू नोको."

मी वर पाहिलं.

"चाक लटकून राह्यलं ना. आता आवयला त रबर याच जागी धरीन. मंग गाडी खाली ठेवली की जन्मभर पियूनच राहीन. उभ्या गाडीतबी. एका पावसायात तुटून जाईन."

मॅन्युअलमध्ये हे आहे. मी ते वाचलेलं होतं, बाबांनी तिथंच पेन्सिलीची रेघ मारलेली होती, आणि तरी संपवायच्या घाईत पाना हातात घेतला होता. गाडी घोड्यांवर असते तेव्हा चाक पूर्ण खाली लोंबतं आणि विशबोन खाली कललेला असतो. त्या वेळी नट आवळला की नळी त्या कलाला जखडली जाते. मग गाडी जमिनीवर आली, विशबोन वर सरकला, की रबरात कायमचा पीळ. विश्रांतीची जागाच चुकलेली. त्यावर आणखी प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. चांगले बुश सहा महिन्यांत फाटतात ते ह्यामुळे, आणि लोक रबराला दोष देतात.

मी आवळलेला नट सैल केला. चाकं चढवली, गाडी खाली घेतली. पुढच्या दोन्ही चाकांखाली सागवानी फळ्या सरकवल्या, खाली हात शिरावा एवढ्या उंचीच्या. मागच्या चाकांखालीही तेवढ्याच, गाडी समपातळीत राहावी म्हणून. चाचांनी सरकीचं पोतं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायला लावलं आणि दुसरं शेजारी. मग दोघांनी बोनेटच्या मागं दाबून गाडी दहा-बारा वेळा खाली-वर केली, पुढे-मागे वीतभर ढकलली, म्हणजे स्प्रिंग आणि टायर आपापल्या जागी बसतील. सरकीच्या पोत्यांनी भरलेली ती गाडी बल्बच्या उजेडात दोन माणसं घेऊन निघाल्यासारखी दिसत होती.

"आता आवय."

मी पाठीवर झोपून आत गेलो. एकेक नट. बुश ह्या क्षणी पूर्ण सैल, पीळ शून्य. पाना थांबला की नळी कायमची धरली गेली. इथून पुढे तो वर जाताना जेवढा पिळेल तेवढाच खाली जाताना. आठ नट आवळायला वीस मिनिटं लागली. बाहेर आलो तेव्हा चाचा दाराशी बिडी ओढत होते, आणि त्यांनी फक्त विचारलं, "आठ?" मी म्हटलं, "आठ."

चाकांची दिशा दोरीनं तपासली. चार खुंट्या, गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताणलेली सुतळी, आणि शाळेतली पट्टी. सकाळी सहाला निघालो, एकटाच. डांबरी रस्त्यावर पहिल्या शंभर मीटरमध्येच कळलं. स्टेअरिंगमधला तो पाव हाताचा सैल भाग, जो मी गाडीच्या वयाचा समजत होतो, तो नव्हताच. बोटभर फिरवलं की तोंड बोटभर वळत होतं. ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. बाबा ऐंशीच्या वेगानं एका हातानं गाडी चालवायचे आणि दुसऱ्या हातानं आम्हाला दिशा दाखवत पिकांची नावं सांगायचे, हे मला कधी खरं वाटत नसे. त्या सकाळी वाटलं.

संध्याकाळी आईला घेऊन दारव्ह्याला गेलो. निघण्याआधी तिला ती पट्ट्याची चकती दाखवली. तिनं ती उलटसुलट केली, नाकाशी नेली, म्हणाली, "ह्याचा खर्च त्यांनी मला कधी सांगितला नाही." आणि परत दिली. मी ती गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली.

येताना अंधार पडला होता. पऱ्हाटीच्या काड्या वेचून शेतं मोकळी झालेली, कुठं कुठं धुऱ्यावर काडीकचरा जळत होता. आई पुढच्या सीटवर, पदर कानावरून घेतलेला. रपटा आला. मी वेग कमी केला. तिनं हात डॅशबोर्डवर ठेवला, जसा ती नेहमी ठेवायची, त्या कडेच्या जरा आधी. चाक कडेवर चढलं, गाडीचं तोंड वर झालं आणि मऊपणे खाली बसलं.

"बंद पडली काय?" आई म्हणाली.

"नाही, चालू आहे."

ती काही बोलली नाही. हात तसाच होता. पलीकडची कड येईपर्यंत तिनं तो काढला नाही.

नव्या बुशांचे नट शंभर-एक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे असतात, गाडी चाकांवर उभी ठेवूनच. परवा सकाळी तपासले. डाव्या बाजूचा खालचा मागचा पाव फेरा बसला. बाकी सात जागच्या जागी होते.